रेण्वीय प्रतिमांकन आणि त्याची धुरा

(दिल्लीतील मराठी वाचकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



आजच्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. आमंत्रण हाती पडले तेव्हा तो माझ्याही मनात आला होता. मी वैद्यकशास्त्र शिकलेले नाही. मराठी विषय घेऊन एम. ए. झाले आणि पुढे विज्ञानविषयक ग्रंथांचा अनुवाद करणे हाच माझा व्यवसाय झाला. रोगनिदानाच्या आधुनिक साधनांवरील एका ग्रंथाचा अनुवाद करीत असताना मला अनेकदा अडावे लागले, आणि प्रत्येक वेळी शब्दाच्या शोधात मी रुग्णालयांच्या, प्रयोगशाळांच्या आणि तेथील माणसांच्या इतिहासाकडे ओढली गेले. त्या शोधात जे हाती लागले तेच आज आपल्यापुढे ठेवणार आहे. तज्ज्ञांच्या सभेत मी श्रोत्यांच्या बाकावर बसेन. परंतु येथे आपण सर्व सामान्य वाचक आहोत, आणि सामान्य वाचकाला जे कुतूहल असते त्याच कुतूहलाने मी बोलणार आहे.

पहिली अडचण नावाचीच आली. इंग्रजीत ज्याला ‘मॉलिक्युलर इमेजिंग’ म्हणतात त्याला मराठीत ‘रेण्वीय प्रतिमांकन’ म्हणावे, असे मी ठरविले. पण दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाची पंचाईत निराळीच असते. मराठीत अणू म्हणजे ‘ॲटम’ आणि रेणू म्हणजे ‘मॉलिक्यूल’. हिंदीत ‘ॲटम’ला परमाणु म्हणतात आणि ‘मॉलिक्यूल’ला अणु. त्यामुळे येथे हिंदीत ‘आणविक’ असे वाचले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एकदम अणुबाँब उभा राहतो. लिहिणाऱ्याच्या मनात मात्र साखरेचा निरुपद्रवी रेणू असतो. मी या घोटाळ्यावर प्रथम चिडले, आणि मग माझ्या ध्यानी आले, की हा घोटाळा विषयाच्या गाभ्यालाच स्पर्श करणारा आहे. या तपासणीत अणूही असतो आणि रेणूही असतो. शरीराला ओळखीचा असलेला एक रेणू घ्यावयाचा, त्यावर एक किरणोत्सारी अणू बसवावयाचा, आणि अगदी अल्प मात्रेत तो रुग्णाच्या शिरेत सोडावयाचा. कोठे जावयाचे हे रेणूला ठाऊक असते. तो कोठे पोहोचला हे अणू आपल्याला कळवितो.

दुसरी गंमत घरातली. माझ्या काकांना डॉक्टरांनी ‘पेट’ तपासणी लिहून दिली, तेव्हा उभा जन्म दिल्लीत काढलेल्या काकू म्हणाल्या, “अगं, दुखणं छातीचं, मग पोटाची तपासणी कशाला?” पेट ही इंग्रजी अद्याक्षरे आहेत आणि पोटाशी त्यांचा संबंध नाही, हे त्यांना समजावून सांगता सांगता मलाच विषय अधिक नीट समजला.

क्ष-किरणांची फिल्म, सीटी स्कॅन, ही साधने मुख्यतः शरीराची रचना दाखवितात. जुन्या वाड्याचा नकाशा पाहून खोल्या किती, भिंत कोठे खचली आहे, हे कळते. परंतु आज कोणत्या खोलीत चूल पेटली आहे हे नकाशा सांगत नाही. त्यासाठी धूर पाहावा लागतो. रेण्वीय प्रतिमांकन हा धूर दाखविते. कर्करोगाच्या बहुतेक पेशी साखर अधिक खातात. ग्लुकोजसारखाच, पण थोडा बदल केलेला रेणू त्यांच्यापुढे ठेवला तर त्या तो आत घेतात, मात्र पुढे पचवू शकत नाहीत. तो तेथेच अडकून राहतो. त्यावर बसविलेला फ्ल्युओरीन-१८ हा अणू पॉझिट्रॉन बाहेर टाकतो, पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनला भेटून नष्ट होतो, आणि त्या क्षणी दोन किरण परस्परविरुद्ध दिशांना निघतात. रुग्णाभोवतीचे संवेदकांचे कडे हे दोन्ही किरण एकाच वेळी टिपते आणि ते कोठून निघाले याचा हिशेब मांडते. इतके साधे तत्त्व. परंतु ते प्रत्यक्षात आणावयाचे तर भौतिकीतज्ज्ञ, रसायनतज्ज्ञ, वैद्य, परिचारिका, अभियंता आणि मोटारचालक या सर्वांना एका घड्याळावर चालावे लागते. कारण फ्ल्युओरीन-१८चे अर्धायुष्य अवघे ११० मिनिटांचे. सकाळी आठला तयार झालेले औषध दहाच्या आत निम्मे उरते आणि दुपारी दोनपर्यंत सुमारे दशमांश. ते कपाटात ठेवता येत नाही आणि पुढच्या आठवड्यासाठी मागवूनही ठेवता येत नाही.

येथे मी आजच्या मुख्य मुद्द्याकडे वळते. मूळ ग्रंथात ‘लीडरशिप’ हा शब्द वारंवार येई. त्यासाठी ‘नेतृत्व’ हा शब्द तयार होताच. पण नेता म्हणजे पुढे चालणारा, आणि आपल्याकडे तर भाषण करणारा. मला ‘धुरीण’ हा शब्द अधिक जवळचा वाटला. धुरा म्हणजे गाडीचे जू. जो ते मानेवर घेतो तो धुरीण. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे, की रेण्वीय प्रतिमांकन यंत्रांच्या खरेदीने पुढे गेलेले नाही. ज्या विभागप्रमुखांनी आणि संचालकांनी आधी प्रश्न निवडला, त्या प्रश्नासाठी निरनिराळ्या विद्यांची माणसे एकत्र बांधली आणि त्यांच्या वेळेची व चुकांची जबाबदारी स्वतःच्या मानेवर घेतली, त्यांच्यामुळे ते पुढे गेले.

परदेशातील एकच उदाहरण देते. मघाशी सांगितलेला साखरेसारखा रेणू माणसाच्या शरीरात प्रथम सोडण्यात आला तो ऑगस्ट १९७६मध्ये, अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे. तेथील विद्यापीठात मेंदूचा अभ्यास करणारे मार्टिन रायविच होते, प्रतिमांकनाची यंत्रे घडविणारे क्ष-किरणतज्ज्ञ डेव्हिड कूल होते आणि तरुण वैद्य अबास अलावी होते. पण रेणू तयार करण्याची सोय नव्हती. ती सोय न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत आल्फ्रेड वुल्फ यांच्या रसायनगटाकडे होती. तेथे तात्सुओ इदो या जपानी रसायनज्ञाने औषध तयार केले, ते विमानाने फिलाडेल्फियाला नेण्यात आले, आणि औषधातील किरणोत्सार ओसरण्यापूर्वी स्वयंसेवकांच्या मेंदूची चित्रे घेण्यात आली. त्या दिवसाच्या मागे काही वर्षांच्या बैठका होत्या. मेंदूत साखर कोठे किती खर्च होते, हा प्रश्न आधी ठरला होता. विमान नंतर आले.

आता दिल्लीकडे येऊ. आपल्यापैकी ज्यांचे वास्तव्य तिमारपूर, मुखर्जी नगर या बाजूला आहे त्यांनी ब्रिगेडियर एस. के. मजुमदार मार्ग ही पाटी पाहिली असेल. त्या मार्गावर संरक्षण खात्याची एक संस्था आहे, जिला इंग्रजी अद्याक्षरांवरून सर्वजण ‘इन्मास’ म्हणतात. अणुवैद्यक आणि संलग्न विज्ञाने यांची ही संस्था. तिचा जन्म रोगनिदानाच्या हेतूने झालेला नाही. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबचा स्फोट केला आणि दूरवर मासे धरणाऱ्या जपानी कोळ्यांवर किरणोत्सारी राख पडली. त्याच वर्षी पंडित नेहरूंनी अशा चाचण्या थांबवाव्यात असे आवाहन संसदेत केले. अशा स्फोटांचे परिणाम नेमके काय होतात, याचा अभ्यास संरक्षण खात्याचे वैज्ञानिक सल्लागार डॉ. दौलतसिंग कोठारी यांनी केला, आणि त्यावरील पुस्तक १९५६ साली भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने नेहरूंच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले. या कामी कोठारींना साहाय्य करणाऱ्यांत डॉ. होमी भाभा होते आणि मुंबईचे नामवंत विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंतराव खानोलकरही होते. सरकारी प्रकाशनसंस्थेसाठी लिहिणाऱ्या माझ्यासारख्या बाईला याचा थोडा अभिमान वाटला तर आपण क्षमा कराल.

त्याच १९५६मध्ये दिल्लीतील संरक्षण विज्ञान प्रयोगशाळेत ‘रेडिएशन सेल’ नावाचा एक लहानसा कक्ष स्थापन झाला, आणि १९६१ साली त्यातून इन्मास उभी राहिली. मजुमदार हे तिचे पहिले धुरीण. युद्धात किरणोत्साराने माणसाला काय इजा होईल हे पाहणे, हे या कक्षाचे मूळ काम. तथापि किरणोत्सारी आयोडीन हाताळता येते, मोजता येते, असे एकदा साध्य झाल्यावर त्याचा उपयोग जिवंत रुग्णासाठी का करू नये, हा विचार तेथे रुजला. गळ्यातील अवटू ग्रंथी, म्हणजे आपण ज्याला थायरॉइड म्हणतो ती, शरीरातील आयोडीन ओढून घेते. आयोडीन-१३१ हा तिला मिळालेला आयता खुणेचा अणू. त्याचे अर्धायुष्य सुमारे ८ दिवस, म्हणजे वापरण्यास पुरेसा अवकाश. इन्मासचे थायरॉइड रुग्णांसाठीचे चिकित्सालय उत्तर भारतातील असंख्य कुटुंबांना परिचित झाले. भीतीपोटी जमविलेली विद्या उपचाराकडे वळविणे, हा निर्णय कोणा यंत्राने घेतला नाही.

प्रश्न आधी आणि साधन नंतर, याचे याहून स्पष्ट उदाहरण हिमाचलातील कांगडा खोऱ्याचे आहे. तेथे गलगंड घरोघरी होता. १९५६पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे एक लाख लोकवस्तीच्या प्रदेशाचे भाग पाडले. काही भागांत आयोडीनयुक्त मीठ पुरविले आणि एका भागात साधे. आरंभी सुमारे ३८ टक्के लोकांना गलगंड होता. सहा वर्षांनी आयोडीनयुक्त मिठाच्या भागांत हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आले. साध्या मिठाच्या भागात ते जसेच्या तसे राहिले. रुग्णांना किरणोत्सारी आयोडीनची अल्प मात्रा देऊन ग्रंथी ते किती ओढते, हेही मोजण्यात आले. आयोडीनसाठी भुकेलेली ग्रंथी ते अधिक ओढते, मीठ मिळू लागल्यावर कमी. त्या मोजणीत चित्र नव्हते, नुसता आकडा होता. तरी माझ्या मते रेणूंच्या भाषेत शरीराला प्रश्न विचारण्याची ही आपल्या देशातील एक मोठी घटना होय. दीर्घ निरीक्षणानंतर १९७३ साली या कामाचा जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्याच्या लेखकांत रामलिंगस्वामी आणि कोचुपिल्लै यांच्यासमवेत एम. जी. देव आणि एम. जी. करमरकर ही दोन मराठी नावे आहेत. रामलिंगस्वामी तोपर्यंत दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे, म्हणजे आपल्या ‘एम्स’चे, संचालक झाले होते. हा धुरीण विकृतिशास्त्रज्ञ होता, क्ष-किरणतज्ज्ञ नव्हता. धुरा कोणत्या विभागाच्या माणसाने वाहावी, याविषयी वाद घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

एम्समध्येच पुढे घडलेली दुसरी गोष्ट. थायरॉइडच्या कर्करोगात शस्त्रक्रिया झाल्यावर ग्रंथीचा जो अंश मागे उरतो तो आयोडीन-१३१ देऊन नाहीसा करतात. जगभर साधारणपणे १०० मिलिक्युरी किंवा त्याहून अधिक मात्रा देण्याची वहिवाट होती. मात्रा ठराविक मर्यादेपलीकडे गेली की किरणोत्सार इतरांना बाधू नये म्हणून रुग्णाला वेगळ्या, संरक्षित खोलीत ठेवावे लागते. अशा खोल्या आपल्याकडे थोड्या आणि रुग्ण पुष्कळ. तेव्हा कमीत कमी किती मात्रा पुरेल, असा प्रश्न डॉ. चंद्रशेखर बल आणि त्यांच्या अणुवैद्यक विभागातील सहकाऱ्यांनी विचारला. १९९६ साली त्यांनी या दिशेचा पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. २००४ साली दुसरा प्रसिद्ध झाला. त्यात ५०९ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे १५ ते ५० मिलिक्युरीपर्यंतच्या आठ मात्रांत विभागले होते. कमी जोखमीच्या रुग्णांना २५ ते ५० मिलिक्युरीच्या दरम्यानची कोणतीही मात्रा पुरते, असे त्यातून दिसले. २०१२ साली फ्रान्स आणि ब्रिटन येथील दोन मोठ्या चाचण्यांनी ३० मिलिक्युरी ही अल्प मात्रा १०० मिलिक्युरीइतकीच परिणामकारक असल्याचे दाखविले. म्हणजे दिल्लीच्या बाह्यरुग्ण विभागातील गर्दीने सुचविलेला प्रश्न जगाच्या उपयोगी पडला. खोल्या कमी आहेत म्हणून सरकारकडे अर्ज करणे हा एक मार्ग होता. या मंडळींनी तुटवड्यालाच अभ्यासाचा विषय केले.

दिल्लीतील या कामाला लागणारा कच्चा माल मात्र मुख्यतः महाराष्ट्रातून येई, आणि ती कथा सांगितल्याविना हा विषय पुरा होत नाही. तुर्भे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही अणुभट्टी कार्यान्वित झाली आणि १९६०मध्ये सायरस. किरणोत्सारी समस्थानिके देशातच तयार होऊ लागली. १९६३ साली परळला, टाटा स्मारक रुग्णालयाच्या सान्निध्यात, अणुऊर्जा खात्याने रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू केले. अणुवैद्यकात सर्वाधिक वापरला जाणारा अणू म्हणजे टेक्निशियम-९९एम. त्याचे अर्धायुष्य ६ तासांचे. पण तो ज्यापासून जन्मतो त्या मॉलिब्डेनमचे ६६ तासांचे. म्हणून मॉलिब्डेनम रुग्णालयात पाठवावयाचे आणि रोज सकाळी त्यातून टेक्निशियम काढून घ्यावयाचे. या क्रियेला त्या क्षेत्रातील माणसे गाय दोहणे म्हणतात. आपण धार काढणे म्हणू. परदेशी पद्धतीला ज्या प्रतीचे मॉलिब्डेनम लागते ते आपल्याला सहज उपलब्ध नव्हते. तेव्हा आपल्या भट्टीतील साध्या प्रतीच्या मालातूनच द्रावकाच्या साहाय्याने टेक्निशियम वेगळे करण्याची रीत भाभा अणुसंशोधन केंद्रातील रसायनज्ञांनी रुळविली, आणि अनेक वर्षे देशातील कित्येक रुग्णालयांत सकाळची धार याच रीतीने निघाली. सायरस २०१०च्या अखेरीस कायमची बंद झाली. पण तिच्या जिवावर झालेल्या तपासण्यांचे ऋण मोठे आहे.

पॉझिट्रॉन प्रतिमांकन भारतात प्रथम आले तेही परळच्या याच केंद्रात, २००२ साली. त्यासाठी तेथे देशातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन बसविण्यात आला. ११० मिनिटांच्या औषधाला मुंबई-दिल्लीचे अंतर मानवणारे नव्हते. पुढील काही वर्षांत दिल्ली परिसरातही सायक्लोट्रॉन उभे राहिले. ज्या मर्यादेने फिलाडेल्फियाला विमानाकडे पाहावयास लावले, त्याच मर्यादेने आपल्याला शहरागणिक यंत्रशाळा उभारावयास लावली.

या सुमारास आणखी एक बदल घडला होता. पेट आणि सीटी ही दोन यंत्रे एकाच कड्यात जोडण्याचे काम डेव्हिड टाउनसेंड आणि रोनाल्ड नट यांनी केले, आणि १९९८मध्ये पिट्सबर्ग येथे त्या जोडयंत्रावर रुग्ण तपासले जाऊ लागले. २००४मध्ये ते मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात आले. मघाच्या उपमेत सांगावयाचे तर वाड्याचा नकाशा आणि चुलीचा धूर आता एकाच कागदावर उमटू लागला. यंत्रे एक झाली, माणसांचे काय? आपल्याकडे क्ष-किरण विभाग वेगळा, अणुवैद्यक विभाग वेगळा, त्यांच्या पदव्या वेगळ्या, परीक्षा वेगळ्या, पुष्कळ ठिकाणी इमारतीही वेगळ्या. नकाशा वाचणारा एका मजल्यावर आणि धूर वाचणारा दुसऱ्या.

याचा अनुभव माझ्या घरी आला, तो थोडक्यात सांगते. रुग्णालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण तो दोष एकट्या त्या रुग्णालयाचा नव्हता. काका पहाटेपासून उपाशीपोटी बसले होते. औषधाची गाडी उशिरा आली म्हणून त्यांचा क्रमांक दुपारी लागला. फुप्फुसातील गाठीसाठी तपासणी होती. चित्रात छातीच्या मध्यभागीही दोन ठिकाणी उजेड दिसला. एका अहवालात रोग पसरल्याची शंका व्यक्त केली होती. सीटीचा वेगळा अहवाल तेवढा निश्चित नव्हता. शल्यचिकित्सक तिसऱ्याच कागदाची वाट पाहत होते. तीन लिफाफे घेऊन आम्ही अकरा दिवस हिंडलो. घरात कोणी कोणाशी मोकळेपणी बोलेना. रोग पसरला असेल तर शस्त्रक्रिया नाही, आणि शस्त्रक्रिया नाही याचा अर्थ काय, हे काकूंनाही ठाऊक होते. शेवटी एका वयोवृद्ध क्ष-किरणतज्ज्ञांनी अणुवैद्यकाच्या डॉक्टरांना आपल्या पडद्यासमोर बोलावून घेतले आणि काकूंना विचारले, “घरात एखादी जुनी फिल्म आहे का?” काकूंच्या ट्रंकेत वीस वर्षांपूर्वीची क्ष-किरण फिल्म होती. त्यांनी ती दोन साड्यांच्या मध्ये सपाट जपून ठेवली होती. तीवर त्याच भागात जुना डाग होता. सुईने नमुना घेतला. छातीमधल्या गाठी क्षयाच्या निघाल्या. शस्त्रक्रिया झाली.

साखर खाणारी प्रत्येक पेशी कर्करोगाची नसते. क्षयाने सुजलेल्या गाठीही ती खातात आणि चित्रात तशाच उजळतात. ज्या देशांत क्षय फारसा उरलेला नाही तेथील पाठ्यपुस्तकात हा इशारा चार ओळींत येतो. आपल्याकडे तो पहिल्या पानावर हवा. हे ज्ञान यंत्राबरोबरच्या माहितीपुस्तिकेत येत नाही. ते आपल्याच रुग्णांच्या फिल्मा, नमुने आणि परिणाम वर्षानुवर्षे एकत्र ठेवल्याने मिळते, आणि ते एकत्र ठेवा असा हुकूम देण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो तो धुरीण. अकरा दिवस विरुद्ध पाव तास, एवढाच हिशेब मी त्यांच्यापुढे मांडू इच्छिते. पडद्यासमोरच्या त्या बैठकीला पाव तास लागला होता.

मग धुरीणाकडून काय अपेक्षावे? वाचक या नात्याने मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, एक मेज आणि एक अहवाल. क्ष-किरणतज्ज्ञ आणि अणुवैद्यकतज्ज्ञ यांनी रुग्णाचे चित्र एकत्र पाहावे, आणि मतभेद असल्यास तो त्याच कागदावर लिहावा. दुसरी, माणसे घडविणे. सायक्लोट्रॉन पैशांनी येतो. पहाटे चार वाजता त्यातून निघालेल्या पदार्थाची शुद्धता तपासून “आज हे रुग्णाला देऊ नका” असे निर्भयपणे सांगणारा रसायनज्ञ पैशांनी येत नाही. त्याला पद, मान आणि प्रमुखाचा पाठिंबा लागतो. विभागाच्या प्रगतीचा अहवाल लिहिताना यंत्रांची यादी वर आणि अशा माणसांची नावे खाली, हा क्रम उलटा झाला पाहिजे.

तिसरी गोष्ट राखणदारीची. एप्रिल २०१०मध्ये दिल्लीच्या मायापुरीतील भंगारबाजारात कोबाल्ट-६० फुटले. एका शिक्षणसंस्थेत अनेक वर्षे पडून असलेले संशोधनाचे उपकरण लिलावात विकले गेले होते, आणि आत काय आहे याची कल्पना ते तोडणाऱ्यांना नव्हती. एक कामगार दगावला, इतर कित्येकांना गंभीर इजा झाली. ते उपकरण रुग्णालयाचे नव्हते, आणि पेटसाठी वापरतात ते अणू तर दिवसाभरात विझून जातात. परंतु धडा सर्वांना सारखाच आहे. किरणोत्सारी वस्तू विकत घेणाऱ्याने तिच्या अखेरच्या दिवसाचीही जबाबदारी घेतली पाहिजे. १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ नियम करते. नियम रोज पाळले जातात की नाही, हे विभागप्रमुखाच्या नजरेवर अवलंबून असते.

पुढील काळात ही धुरा अधिक जड होणार आहे. पाहणे आणि उपचार करणे यांतील सीमा पुसली जात आहे. एका रेणूवर गॅलियम-६८ बसविला तर प्रोस्टेट ग्रंथीचा पसरलेला कर्करोग चित्रात दिसतो. त्याच प्रकारच्या रेणूवर ल्युटेशियम-१७७ बसविला तर तो त्या पेशींवर जवळून आघात करतो. गॅलियम लहानशा जनित्रातून मिळतो, सायक्लोट्रॉनची गरज लागत नाही. ल्युटेशियम तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होते. म्हणजे अप्सरेपासून सुरू झालेली वाट आजही चालू आहे. आता प्रश्न आहे तो ही वाट कोणापर्यंत पोहोचते याचा. एम्सच्या दारात रात्री पदपथावर निजणारी कुटुंबे आपण सर्वांनी पाहिली आहेत. बिहार, उत्तर प्रदेश, बुंदेलखंड येथून ती येतात. हरियाणात झज्जर येथे एम्सने उभारलेली राष्ट्रीय कर्करोग संस्था २०१९मध्ये राष्ट्राला अर्पण झाली, ती या गर्दीला उत्तर म्हणूनच. पण पदपथावरच्या माणसाला तपासणीची तारीख किती आठवड्यांनी मिळते, हाच अखेरीस या विद्येच्या प्रगतीचा मापदंड राहील. एम्सच्या डॉक्टरांनी एकदा “कमीत कमी किती पुरेल?” असे विचारले होते. “लवकरात लवकर किती जणांना?” असे विचारणाऱ्या धुरीणाची आता आवश्यकता आहे.

जाता जाता माझ्या व्यवसायाविषयी एक शब्द. अनुवादक दोन भाषांच्या मध्ये उभा असतो. दोन्हीकडचे लोक आपापल्या जागी बरोबर असतात आणि तरीही एकमेकांना समजत नाहीत. अणु म्हणणारा आणि अणू ऐकणारा यांच्यासारखे. त्या वृद्ध क्ष-किरणतज्ज्ञांनी दोन विभागांना एका पडद्यासमोर बसविले तेव्हा त्यांनी माझ्या ओळखीचेच काम केले, असे मला वाटले. फरक इतकाच, की माझी चूक दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करता येते.

काकूंनी ती फिल्म पुन्हा ट्रंकेत ठेवली आहे. या वेळी तिच्याबरोबर नवी चित्रेही आहेत. कोणत्याही मोठ्या संस्थेच्या अभिलेखागाराकडून मी याहून वेगळी अपेक्षा करीत नाही.